पिन सरळ गेली

मार्च महिना मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे आजी इतकी का चिडली आहे, असं पुढचं वाचताना तुम्हाला वाटायला नको. इरा, मिहिर, तुमच्या कॅनडात मार्चमध्ये बर्फ वितळायला लागतं आणि लोक खूश होतात. आमच्या ठाकुर्लीत मार्च आला की आंब्याचा मोहोर गळून गच्चीच्या कोपऱ्यात तपकिरी भुसा साचतो, दुपारी नळाचं पाणी चहाला टाकावं इतकं गरम येतं, आणि इमारतीतली दहावी-बारावीची मुलं एकाएकी आजारी माणसांसारखी दिसायला लागतात. त्यांच्या आयांचं तर विचारूच नका.

परवा सकाळी मी भाजी आणायला निघाले. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. बाहेर दहावीतली एक मुलगी आणि तिची आई. मुलीच्या हातात पॅड आणि पारदर्शक पाउच, कपाळाला अंगारा, ओठाच्या कडेला दही. आईने मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"काकू, राग मानू नका हं," ती म्हणाली, "तुम्ही पुढच्या लिफ्टने याल का? आज तिचा पहिला पेपर आहे."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. तुमचे आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. परीक्षेला निघालेल्या मुलीला विधवा बाई आडवी जायला नको, एवढंच त्या बिचारीचं म्हणणं होतं. बिचारी म्हटलं ते सवयीने. ही बाई एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, स्वतःची गाडी चालवते, आणि सोसायटीच्या सभेत माझ्याशी इंग्रजीत भांडते.

"मी याच लिफ्टने जाणार," मी म्हटलं, "आणि तुझ्या मुलीला ऑल द बेस्टही म्हणणार. ये गं, आत ये. मराठी ना आज? निबंधाला वेळ राखून ठेव."

मुलगी हसली आणि आत आली. आई नाइलाजाने तिच्या मागे आली आणि तळमजला येईपर्यंत लिफ्टच्या पंख्याकडे बघत राहिली. मी भाजी घेतली, परत आले, आणि जेवेपर्यंत माझे कान तापलेले होते.

परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे काय काय चालतं, याची तुम्हाला कल्पना नाही. पेपरच्या दिवशी अंडं खायचं नाही, कारण त्याचा आकार शून्यासारखा. पेन आदल्या संध्याकाळी देवापाशी ठेवायचं. पहिला पेपर ज्या शर्टात चांगला गेला तोच शर्ट सगळ्या पेपरांना, आणि तो धुवायचा नाही. मांजर दिसलं की थांबायचं आणि कोणीतरी दुसऱ्याने आधी पुढे जाण्याची वाट बघायची. म्हणजे अपशकुन त्याला लागू दे! यातली माणुसकी माझ्या कधीच लक्षात आली नाही. लोक म्हणतात, असू दे हो, कोणाचं काय बिघडतं? मी तेच लिहायला बसले आहे. बिघडतं. माझ्या समोर बिघडलेलं आहे, आणि मी तेव्हा लांब उभी नव्हते.

जानेवारीत तुमचे बाबा आले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. घराला रंग द्यायचा म्हणून आम्ही माळा रिकामा केला. माझ्या माळ्यावरच्या प्रत्येक खोक्याला आत काय आहे त्याची यादी चिकटवलेली असते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. कागद जागेवर नसला की मला जेवण जात नसे. तर अशा माझ्या माळ्यावर कुठल्याच यादीत नसलेली एक वस्तू निघाली. जुन्या चादरीत गुंडाळलेली एक मोठी रेकॉर्ड. निळसर कव्हर, त्यावर तंबोरा घेऊन बसलेली गायिका, कडा झुरळांनी कुरतडलेल्या. आठ भक्तिगीतं, चार या बाजूला आणि चार त्या. आवाज गोड होता, हे मी तेव्हाही मान्य करत होते. त्या बाईंचा काही दोष नाही. त्यांनी गाणी म्हटली आणि त्या घरी गेल्या.

"आई, ही तीच?" तुमचा बाबा अभय म्हणाला. शिडीवर उभा होता, केसांत जाळी. "आजीची कौलाची रेकॉर्ड?" आजी म्हणजे त्याची, माझ्या सासूबाई; कौल म्हणजे काय ते पुढे सांगते.

त्याने दोन दिवसांत कुठून तरी एक रेकॉर्डप्लेअर मिळवून आणला; रेकॉर्ड मी तोवर सवयीने ओल्या फडक्याने पुसून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात होते. पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं तसं त्याने बाहेरून मला हाक मारली, "आई, ये, ये, आता ती चऱ्याची जागा येईल!" मी गेले नाही. गाणं त्या जागेवरून न अडखळता पुढे गेलं. आणि योगायोग असा की त्याच मिनिटाला त्याचा फोन वाजला. नोकरीतल्या ज्या वरच्या जागेसाठी तो वर्षभर झगडत होता, ती त्याला मिळाली होती.

"आई! पिन सरळ गेली! बघितलंस? याला म्हणतात शकुन!"

"तू पुलांची गणितं करतोस ना रे?"

"हो. मग?"

"मग पूल बांधायच्या आधी रेकॉर्ड लावून बघत जा. पडला तर निदान गाणं तरी ऐकलेलं असेल."

"तू पण ना!" तो हसला. "कुमुदआत्याचं लग्न हिनेच ठरवलं की. झाला ना चाळीस वर्षं संसार?"

मी तव्यावरची पोळी उलटली. त्याने रेकॉर्डचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात सतरा नमस्कार आले.

मग ते तुझ्यापर्यंत आलं, इरा. मिहिर, तू तेव्हा तुझ्या खेळात होतास, म्हणून तुझ्यासाठी नीट सांगते. तुझ्या बहिणीला दोन कॉलेजांतून बोलावणं आलं होतं. एक तुमच्याच शहरातलं, घरी राहून शिकता येईल असं, तुझ्या बाबांच्या पसंतीचं. दुसरं लांब समुद्रकाठी, जिथे समुद्राच्या तळाचा अभ्यास करतात. महिनाअखेरीपर्यंत कुठल्या तरी एकाला हो म्हणायचं होतं. मार्चच्या पहिल्या रविवारी, आमची संध्याकाळ आणि तुमची सकाळ असताना, तिने मला व्हिडिओवर म्हटलं, "आजी, तुझ्या रेकॉर्डला विचार ना. जाऊ का? पिन सरळ गेली तर मी जाते. अडकली तर घरी. बाबा पण म्हणाला, इट्स फाइन."

तिचा आवाज गमतीचा होता. डोळे गमतीचे नव्हते. मी म्हटलं, "बघू, पुढच्या रविवारी." हे 'बघू' मी कशाला म्हटलं, ते मलाही आठवडाभर समजलं नाही.

आता ठाण्याचं वर्तकनगर, सेहेचाळीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा आम्ही तिथल्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. माझ्या सासूबाई, तुमचे आजोबा, त्यांची धाकटी बहीण कुमुद, आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली मी. त्या मार्चचे वास मला अजून वेगवेगळे ओळखता येतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस वास. पांढऱ्या चुन्याने रंगवलेल्या जिन्याचा, ऊन लागलं की येणारा. आणि कॉलेजातून आलेल्या कुमुदचा, प्रयोगशाळेचा, नाकाला झोंबणारा. ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या पदराला ॲसिड उडून बारीक भोकं पडलेली असत. सासूबाई ती रफू करायला सांगत, आणि ती करत नसे. "राहू दे गं, वहिनी," म्हणे, "ही माझी पदकं आहेत." दुपारी गॅलरीत थंड पाण्याच्या बादलीत पाय सोडून ती अभ्यासाला बसे. पाठ करताना पायाची बोटं पाण्यात हलत. एखादं समीकरण जुळलं की पाणी उडवी, आणि खालच्या मजल्यावरून ओरडा येई.

परीक्षा झाल्यावर रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत जागा मिळेल, असं तिच्या बाईंनी तिला सांगितलं होतं. त्या जागेबद्दल ती अशा आवाजात बोले, ज्या आवाजात मुली तेव्हा फक्त नवऱ्याबद्दल बोलत.

सासूबाई मूळच्या कोकणातल्या. त्यांच्या गावी देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. वर्तकनगरमध्ये गुरव कुठला? पण घरात ती रेकॉर्ड होती. तिच्यावरच्या दुसऱ्या गाण्यात मधोमध एक चरा होता. कधी पिन तिथे अडके आणि त्याच चार सुरांवर फिरत राही. कधी सरळ पुढे जाई. ज्या दिवशी आम्हाला त्या वसाहतीतली जागा मिळाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी ती सरळ गेली होती म्हणे. मी यायच्या आधी ज्या दिवशी माझे सासरे जिन्यावरून पडून गेले, त्या दिवशी अडकली होती. बस्स. तेवढ्यावर घरात देव आला.

रविवारी दहा वाजता, आंघोळी झाल्या की कौल. रेकॉर्डप्लेअरपुढे सुपारी, समई, उदबत्ती. सासूबाई पदर डोक्यावर घेत आणि एरवी पुण्याच्या बायकांसारखं शुद्ध बोलणाऱ्या त्या, गावच्या बोलीत गाऱ्हाणं घालत. तुमचे आजोबा, रेशनिंग खात्यातले वरिष्ठ कारकून, हात जोडून "होय म्हाराजा" म्हणत. मग पिन ठेवायची आणि सगळ्यांनी श्वास रोखून दुसऱ्या गाण्याची वाट बघायची. माझ्या माहेरी सकाळी इंग्रजी पेपर मोठ्याने वाचला जाई. मी त्या उदबत्तीच्या धुरात उभी राहून दात आवळत असे.

आणि मला खरी गोष्ट माहीत होती. मी घरात आल्यापासून रेकॉर्डी पुसायचं काम माझ्याकडे होतं. कोणी सांगितलं नव्हतं, मला धूळ बघवत नसे म्हणून. फ्लॅनेलचा तुकडा किंचित ओला करून मी त्या गोल गोल पुसत असे. पाच-सहा महिन्यांत माझ्या लक्षात आलं की मी पुसलेल्या दिवशी पिन सरळ जाते, आणि पुसायचं राहिलं की अडकते. चऱ्यात धूळ बसली की पिन अडखळे. एवढंच! मी हे सासूबाईंना सांगितलंसुद्धा, अगदी आदराने.

"आई, ते धुळीमुळे होतं."

त्यांनी तांदूळ निवडणं थांबवलं नाही. "अस्सं. आणि धूळ कोण पाठवतं?"

 शहाण्या माणसाने अशा ठिकाणी वाद घालू नये, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. ते पेपरात शिरले. मग मीही ठरवलं की आपण यात पडायचं नाही. आपण आपलं स्वच्छ राहायचं. दर रविवारी सकाळी साडेनऊला मी रेकॉर्ड पुसू लागले. माझा तो नेमच झाला. त्यानंतर आमच्या घरी कौल नेहमी चांगलाच लागे, आणि सासूबाई शेजारणींना सांगत, सून पायगुणाची आहे.

फेब्रुवारीत कुमुदला कल्याणहून स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घरचे बरे, माणसं सरळ. कुमुदचीही त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण त्यांना लग्न याच वैशाखात हवं होतं, आणि जो मुहूर्त निघत होता तो तिच्या परीक्षेच्या आठवड्यात येत होता. मुलाकडचे म्हणाले, परीक्षा काय, पुढच्या वर्षी देता येईल. तुमचे आजोबा म्हणाले, दिवाळीनंतरचा मुहूर्त मागून बघू या का? सासूबाई म्हणाल्या, कौल लावू या.

शनिवारी दुपारी कुमुद मला गच्चीवर गाठायला आली. मी कुरडया उलटत होते. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते.

"वहिनी, उद्या रेकॉर्ड पुसू नकोस."

"म्हणजे?"

"तूच म्हणालीस ना, पुसली नाही की अडकते. मग एक रविवार राहू दे. एवढंच कर माझ्यासाठी."

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, आणि तत्त्वं असलेली बाई होते. पंचविशीत तत्त्वं फार कडक असतात. मी म्हटलं, "कुमुद, असल्या लबाडीत मी हात घालणार नाही. ही अंधश्रद्धा आहे. तिला आपणच खतपाणी कशाला घालायचं? तुला परीक्षा द्यायची आहे, तर तू सरळ आईंना सांग."

"मी सांगू?" ती म्हणाली. "मी?"

"हो, तू. तुझं तोंड तुला आहे ना?"

ती खाली बसली आणि माझ्याबरोबर कुरडया उलटू लागली. ओळीने, मला आवडतात तशा.

रविवारी सकाळी साडेनऊला मी फ्लॅनेलचा तुकडा ओला केला. मी हे नंतर हजार वेळा तपासून पाहिलं आहे. मी तिला धडा शिकवायला पुसली का? नाही. सासूबाईंच्या बाजूने पुसली का? मुळीच नाही. रविवार होता, पुसायचा दिवस होता, म्हणून पुसली. मी यात पडले नाही, असं मला वाटत होतं. हात माझा, फडकं माझं, आणि मी यात पडले नाही!

दहा वाजता समई लागली. "बा देवा म्हाराजा," सासूबाईंनी सुरुवात केली, "ह्या चेडवाचा लगीन ह्याच वैशाखात होवचा आसात, तर पिन सरळ जावंदे, म्हाराजा."

"होय म्हाराजा," तुमचे आजोबा म्हणाले.

पिन सरळ गेली. इतकी सरळ, की त्या गाण्यात चरा होता हे नवख्या माणसाला कळलंही नसतं. सासूबाईंनी साखर वाटली. कुमुदने साखर हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. ज्या सकाळी तिचा पहिला पेपर होता, त्या सकाळी तिच्या हाताला हळद लागत होती. मी इतर बायकांबरोबर गाणी म्हटली. मला ती पाठ नव्हती, तरी तोंड हलवलं.

पुढच्या वर्षी परीक्षा झाली नाही. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले होते. त्याच्या पुढच्या वर्षी तिचे सासरे अंथरुणाला खिळले. मग धाकटा झाला. मग कोणी तो विषय काढेना. वाईट झालं असं कोणीही म्हणणार नाही. नवरा चांगला निघाला, दोन मुलं शिकली, कल्याणचं घर तिने उभं केलं. म्हणून तर घरात सगळे म्हणतात, बघा, कौल खरा झाला. शकुन कधी नापास होत नाही, कारण पेपर तोच काढतो आणि तोच तपासतो. रंगाच्या कारखान्यात जी कुमुद गेली असती, ती कधी झालीच नाही. मग तिची बाजू कोण मांडणार? जी गोष्ट घडली नाही, तिचे फोटो नसतात.

मला सासूबाईंचा राग येतो. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. साखर वाटणाऱ्या त्या हाताचा येतो. 'होय म्हाराजा'चा येतो. लिफ्टमधल्या त्या बाईचा येतो, सतरा नमस्कारांचा येतो, आणि माझ्या पोटच्या इंजिनीअर मुलाचाही येतो. राग येण्याइतकी माझी तब्येत चांगली आहे, असं डॉक्टर म्हणतात.

पण गेल्या बुधवारी काय झालं ते ऐका. मी घरात धूळ झटकत होते. अभयने रेकॉर्ड टीव्हीशेजारी प्लेअरवरच ठेवली होती. माझ्या हातात ओलं फडकं होतं. मी ते रेकॉर्डच्या वर धरलं आणि थांबले. मनात आलं, पुसली तर इरा जाईल. नाही पुसली तर इरा घरी राहील. लांब समुद्रकाठी एकटी पोर, थंडी, कोणी ओळखीचं नाही... राहू दे की धूळ. आणि मग लगेच, नाही, नाही, शिकू दे तिला, पुसून टाक. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. फडक्यातून पाणी टिपकून टीव्हीच्या टेबलावर डबकं झालं. जन्मभर शकुनावर दात खाणारी मी, आणि आता देवळातला गुरव मीच झाले होते. फरक इतकाच, की तो बिचारा एकदा चिकटवलेल्या पाकळीला पुन्हा हात तरी लावत नाही.

मी फडकं पिळलं आणि कल्याणला फोन केला. "कुमुद, रविवारी येशील? मुलांना ती गोष्ट लिहून कळवावी म्हणते. तुला विचारल्याशिवाय कशी लिहू?"

"कुठली गोष्ट?" ती म्हणाली, पण तिला कळलं होतं.

काल चार वाजता ती आली. सहासष्ट वर्षांची झाली, गुडघे दुखतात, केस अजून माझ्यापेक्षा काळे. खुर्चीत बसली, पाणी प्यायली, प्लेअरकडे पाहिलं.

"हिला अजून टाकली नाहीस?"

"मी नाही ठेवली. माझ्या यादीत नव्हती."

"तुझ्या यादीत नसलेलं पण असतं बरं का घरात, वहिनी."

मी चहा ठेवायला उठले. ती मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्या रविवारी तू पुसत होतीस ना, तेव्हा मी अशीच दारात उभी होते. बघत होते."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस? तुला माहीत होतं धुळीचं. दहा वाजता आईसमोर म्हणायचंस, थांबा, ही आत्ताच मी पुसली आहे, याला काही अर्थ नाही. ते म्हणाली नाहीस. मला म्हणालीस, तू बोल. वीस वर्षांची होते मी. त्या घरात दादाला बोलता येत नव्हतं, आणि तू मला सांगत होतीस."

"मी..."

"ऐक आता. आईचा मला राग नाही. ती मानायची, मनापासून मानायची. देव बोलला तर ती स्वतःच्याही विरुद्ध गेली असती. मला राग तुझा आहे. पिन अडकली असती तर मला परीक्षेला बसता आलं असतं, गं. भांडावं लागलं नसतं. मला तेवढी एक खोटी पिन हवी होती. तू मला तुझं खरेपण दिलंस."

मी गॅस बंद केला. 

"लिही," ती म्हणाली. "पण हेही लिही. गाळू नकोस."

गाळलं नाही.

सहा वाजता तुझा फोन आला, इरा. केस विस्कटलेले, पांघरूण अंगावर तसंच. "हाय आजी! ओह, कुमुदआजी पण! रेडी? लावू या?"

मी म्हटलं, "रेकॉर्ड लावणार नाही. ती सरळ जाते की अडकते, ते माझ्या फडक्यावर आहे. कसं, ते लिहून पाठवते. आधी मला सांग, तुला काय हवंय?"

तू खाली पाहिलंस. नखाने पांघरुणाचा दोरा ओढलास. मग हळूच म्हणालीस, "ते बाबाला सांगायला मला भीती वाटते. म्हणून तर विचारत होते ना."

शेजारी कुमुदने श्वास घेतलेला मला ऐकू आला. मला 'तोंड तुला आहे ना' म्हणायची सोय आता राहिली नव्हती.

"बाबाला बोलव," मी म्हटलं. "आईलाही."

अभय कॉफीचा मग घेऊन आला. "काय गं आई, काय लागला कौल?"

"बस तिथे. इराला बोलायचंय. तिचं होईपर्यंत मधे एक शब्द बोलायचा नाही. आणि ती जे म्हणेल त्याला माझा पाठिंबा आहे. ते काय आहे, हे मला अजून माहीत नाही."

"आई, हे काय..."

"अभय," कुमुद म्हणाली, "गप्प बस."

आत्याचा तो आवाज त्याने कधी ऐकला नसावा. तो बसला. आणि तू बोललीस. अडखळत, अर्धं इंग्रजीत, मधेच रडत. तुला समुद्राकडे जायचं होतं. आधीपासूनच जायचं होतं. अभयचा चेहरा उतरला. खर्च, थंडी, एकटेपणा, सगळं त्याने एकामागून एक बोलून दाखवलं. तू ऐकून घेतलंस आणि पुन्हा म्हणालीस, "तरी पण मला जायचंय, बाबा." दुसऱ्यांदा म्हणताना तू अडखळली नाहीस. त्याने कॉफीचा मग खाली ठेवला. "मला आवडलेलं नाही," शेवटी म्हणाला, "पण ठीक आहे."

"उत्तर कसं द्यायचं असतं?" कुमुदने विचारलं.

"ऑनलाइन. एक बटन आहे."

"मग आत्ता दाब. आमच्या देखत. उद्यावर टाकू नकोस."

तू लॅपटॉप ओढलास. स्क्रीनचा उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडला. "डन," म्हणालीस, आणि मिहिर मागून ओरडला, "म्हणजे तिची खोली मला?"

फोन ठेवल्यावर कुमुद लगेच उठली. मी म्हटलं, जेवून जा. नको म्हणाली. दारात चपला घालताना मी तिचा दंड धरला, तिला वाकता येत नाही म्हणून. तिने धरू दिला.

"बरं केलंस आज," ती म्हणाली. "पण माझा राग गेला असं समजू नकोस हं."

"नाही समजत," मी म्हटलं.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली तिने रिक्षावाल्याशी हुज्जत घातली, बसली, आणि रिक्षा कल्याणच्या दिशेने वळली. तिने वर पाहिलं नाही.